मुलांच्या चित्रांवर हात फिरवू नका
(एका मुख्याध्यापकांना अनावृत पत्र)

मा. मुख्याध्यापक सर,



तुमच्या शाळेतला माझा सराव संपला. निघताना तुम्ही सही-शिक्क्यानिशी दिलेला दाखला मी महाविद्यालयात जमा केला. त्यात माझं काम 'समाधानकारक' असल्याचं लिहिलं आहे. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते व्हरांड्यातल्या भिंतीवर लागलेल्या चित्रांबद्दल. त्याविषयी मी आधी तुमच्या खोलीत येऊन बोलले होते. 'एवढं मनाला लावून घेऊ नका, मॅडम, तुम्ही अजून नवीन आहात,' असं म्हणून तुम्ही विषय मिटवलात. माझ्या मनातून तो मिटलेला नाही, म्हणून हे जाहीर पत्र. यात मी शाळेचं नाव घेतलेलं नाही आणि तुमचंही घेणार नाही. माझ्याबरोबरच्या मुली ज्या ज्या शाळांत सरावाला गेल्या, तिथून त्यांनी आणलेल्या हकिगती याहून फारशा वेगळ्या नव्हत्या. तेव्हा हे पत्र तुम्हाला आहे, आणि तुमच्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्या सगळ्यांनाही आहे.

मी कला शिक्षक पदविकेला शिकते. पाठाचं टाचण काढायचं, मार्गदर्शक शिक्षकांना दाखवायचं, वर्गावर जायचं, असा आमचा सराव असतो. मला वेरूळजवळची शाळा मिळाली तेव्हा मैत्रिणींना हेवा वाटला होता. ज्या डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन मिळून ३४ लेणी कोरलेली आहेत, त्याच्या पायथ्याच्या मुलांना चित्रकला शिकवायची! मलाही आपलं नशीब उघडलं असंच वाटलं होतं.

पण चित्रकलेचा तास वेळापत्रकातच राहायचा. घंटा झाली की दारात कुणीतरी उभं असायचं. 'मॅडम, आमचा भाग राहिलाय, आजचा दिवस द्या.' कधी चाचणी, कधी कसली तरी माहिती भरून घ्यायची घाई. एखादे सर रजेवर असले की मात्र चित्रकला हमखास आठवायची. 'ऑफ तास आहे, काहीतरी काढायला द्या, म्हणजे गप्प बसतील.' बाकी माझ्याकडे कामं भरपूर होती. रोजचं फलकलेखन, पाहुण्यांसाठी दारातली रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा, दहावीच्या निरोप समारंभाची पुठ्ठ्याची अक्षरं. ही कामं मी आनंदानं केली. ज्याचा हात चालतो त्याला माणसं काम सांगतात, यात वावगं काहीच नाही. पण जो विषय वर्षभर शाळेला शोभा पुरवतो, त्याच्या वाट्याला मुलांसमोरची पस्तीस मिनिटं का येऊ नयेत?

जे तास मिळाले त्यांत काय दिसलं ते सांगते. सहावीच्या वर्गात पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, तुम्हाला आवडेल ते काढा. बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहती नदी, एक कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचं झाड. आपल्या शिवारात मका असतो, कापूस असतो, घाटात सीताफळं विकायला बसतात, घरांवर पत्रे असतात. नारळ या मुलांनी पाहिलेला आहे तो घृष्णेश्वराच्या वाटेवरच्या दुकानांत, पूजेच्या सामानात. तरी झाड प्रत्येकाच्या वहीत होतं. चित्र म्हणजे फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, हे आधीच्या इयत्तांनी त्यांच्या अंगी पक्कं बाणवलं होतं. रंग भरायची वेळ आली तेव्हा एक मुलगी माझ्याजवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, 'मॅडम, डोंगराला कोणता रंग द्यायचा?' तिच्या बाकाजवळच्या खिडकीतून डोंगर दिसतो, सर.

म्हणून मी टाचण बदललं. मार्गदर्शक शिक्षकांना दाखवून, त्यांची परवानगी घेऊन बदललं. मुलांना 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथातली दंतकथा सांगितली. राजा आजारी पडला. राणीनं नवस केला की राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ उभारीन आणि त्याचा कळस डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. पण देऊळ म्हणजे वर्षानुवर्षांचं काम, तोवर राणी जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकास नावाचा शिल्पी पुढे आला. आठवड्याच्या आत कळस दाखवतो म्हणाला, आणि त्यानं डोंगर माथ्याकडून कोरायला घेतला. दंतकथा म्हणजे काही इतिहास नव्हे. सोळाव्या लेण्यातलं, म्हणजे कैलासाचं, हे काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं मानतात. पण एकाच कातळातून, वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ आहे, एवढं दंतकथेतलं अगदी खरं आहे. सनावळी मुलं विसरतात. उपाशी राणी त्यांच्या लक्षात राहिली.

मग म्हटलं, आता काढा. कागदापासून अडचण होती. दौलताबादहून खुलताबादकडे येताना कागजीपुरा लागतो, तिथं शतकानुशतकं हातानं कागद बनत आला आहे. त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या शाळेत चित्रासाठी कागद नव्हता. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आम्ही वापरल्या. रंगपेट्या मोजक्याच होत्या, त्या बाकाबाकांवरून फिरल्या. आणि त्या दिवशी एकाही मुलानं नारळाचं झाड काढलं नाही. एकीनं नुसती राणी काढली, समोर पालथं घातलेलं ताट. एकीनं देवळाच्या अंगणातला हत्ती काढला तो तुटक्या सोंडेचा, कारण तिनं तो तसाच पाहिला आहे. एका मुलानं काढलेलं चित्र मला आधी कळलंच नाही. कागदभर एक मोठा चौकोनी खड्डा, मधोमध एक चौकोन, त्यावर कमळ आणि कमळाभोवती चार जनावरं. काठावर बारीक बारीक ठिपके. विचारलं तर म्हणाला, 'वरनं असंच दिसतं मॅडम. मी शेळ्या घेऊन जातो ना.'

सर, कैलासाच्या सभामंडपाच्या छतावर खरोखरच मोठं कमळ आहे आणि त्याच्याभोवती चार सिंह आहेत. खालून फिरणाऱ्याला ते दिसत नाहीत. मागच्या डोंगरावर चढून खाली पाहिलं तरच दिसतात. देशोदेशींचे पर्यटक ज्या बाजूनं फोटो काढून जातात ती बाजू सोडून या पोरानं आपली बाजू काढली होती, आणि तीच ती बाजू, जिथून कारागिरांनी छिन्नी लावली. काठावरचे ठिपके त्याच्या शेळ्या होत्या. सराव पाठाच्या गुणांपेक्षा त्या कागदानं मला जास्त दिलं.

त्यानंतर वरिष्ठांची भेट ठरली आणि व्हरांड्यात 'कला कोपरा' सजवायचं निघालं. मी ही चित्रं तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही ती चाळलीत. शेळ्यांच्या चित्राशी थांबून म्हणालात, 'हे काय, खड्डा काढलाय का? साहेब काय म्हणतील? तुमचा हात चांगला आहे, मॅडम. जरा हात फिरवा सगळ्यांवर आणि खाली मुलांची नावं टाका.' मी नाही म्हटलं. का नाही, तेही सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत, हे मी कबूल करते. नुसती मान हलवलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा सजलेला होता. काही चित्रांवर काळ्या स्केचपेननं ठळक बाह्यरेषा ओढलेल्या होत्या, आत पोस्टर रंग गुळगुळीत भरलेला होता. तुटक्या सोंडेला पूर्ण सोंड आली होती. काही चित्रं तर मुळातूनच नवी होती. शेळ्या राखणाऱ्या मुलाच्या नावाखाली, त्याची इयत्ता-तुकडी सुबक अक्षरात घालून, एक समोरून पाहिलेलं देऊळ लागलं होतं. वर निळं आभाळ, कळसावर ध्वज आणि उडणारे पक्षी. तो मुलगा चित्रासमोर उभा राहिला. त्यानं खालचं नाव वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, 'मॅडम, हे माझं आहे का?' मी म्हटलं, नाही, तुझं वेगळं आहे, ते मी नीट जपून ठेवलंय. 'मग माझं का नाही लावलं?'

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. ते तुम्ही द्यायला हवं. साहेब आले, त्यांनी कौतुक केलं, त्या मुलाला चित्राशेजारी उभं करून फोटो काढला गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या तासाला मी पुन्हा मनातलं काढायला सांगितलं. त्यानं दोन डोंगर काढले, मधून उगवता सूर्य काढला आणि शेजारी नारळाचं झाड काढलं.

मला दुखलं ते इथे. माझं ऐकलं नाही याचं मला एवढं वाटत नाही, छात्राध्यापिकेचं कोण ऐकतं? पण वेरूळच्या पोराला त्याच्याच शाळेनं शिकवलं की तुझे डोळे चुकीचे आहेत, तुझा हात दाखवण्याजोगा नाही, आणि तुझं नाव मात्र आम्हाला वापरायला हवं. बारा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या कामाशेजारी उभं करून टाळ्या घ्यायला लावल्या. मूल्यशिक्षणाचे सुविचार त्याच भिंतीवर, त्याच फलकावर मी रोज सकाळी लिहीत होते.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. पट टिकवायचा, दहावीचा निकाल लावायचा, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवे अहवाल, आणि प्रत्येक भेटीत काहीतरी 'दिसलं' पाहिजे हा वरचा रेटा. इंग्रजी शाळांच्या गाड्या गावातून मुलं उचलून नेतात, तेव्हा पालकांना शाळा देखणी दिसावी असं तुम्हाला वाटणारच. पण देखणेपण दाखवायला शाळेकडे शिक्षक आहेत, मी होते, माझ्या मैत्रिणी होत्या. आमची चित्रं आमच्या नावानं लावा ना. भिंत मुलांच्या नावाची असेल तर तिथं मुलांचीच रेघ हवी, वाकडी असली तरी.

आणि हे सांगायला दुसरीकडे कुठं जायला नको. आपल्या लेण्यांत कितीतरी काम अर्धवट राहिलेलं आहे. तिसावं लेणं, छोटा कैलास म्हणतात ते, पूर्ण झालंच नाही. भिंतींवर ठिकठिकाणी छिन्नीचे घाव तसेच दिसतात. अभ्यासक तेच घाव वाचून कारागिरांनी काम कुठून धरलं, कसं उतरवत नेलं हे सांगतात. उद्या कुणी पाहुणे येणार म्हणून त्या भिंती घासून गुळगुळीत करा म्हणालं, तर सारं गाव अंगावर धावून जाईल. १९८३ पासून जागतिक वारसा असलेल्या दगडाला आपण हा मान देतो. मुलांच्या कागदाला का देत नाही?

बडोद्याला मिळालेला राष्ट्रकूट कर्कराजाचा इ. स. ८१२ च्या सुमाराचा एक ताम्रपट आहे. कृष्णराजानं एलापूरला, म्हणजे वेरूळला, उभारलेल्या देवळाचं त्यात वर्णन आहे. देव तर ते पाहून थक्क होतातच, पण ज्यानं ते घडवलं तो शिल्पीही हे आपल्या हातून कसं झालं म्हणून चकित झाला, असं त्यात म्हटलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती कवीची अतिशयोक्ती वाटली होती. नंतर वर्गात तसंच घडताना पाहिलं. चित्र पुरं झाल्यावर मूल कागद लांब धरून बघतं आणि त्याच्या चेहऱ्यावर अगदी हाच भाव येतो, हे मी काढलं? कलेच्या तासातून मुलाला मिळायचं ते हेच. तुमच्या व्हरांड्यात त्याला दुसराच प्रश्न पडला, हे माझं आहे का?

हवं तर गंगाराम तांबटांचं उदाहरण घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या शनिवारवाड्यात इंग्रज वकील मॅलेट याच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली, तिथले हे चित्रकार. १७९० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी वेरूळला येऊन लेण्यांची रेखाटनं केली. कॅमेरा नव्हता. बसायचं, पाहायचं आणि पाहिलेलं कागदावर आणायचं. त्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, गंगारामांच्या नावानं. तांब्याची भांडी घडवणाऱ्या समाजातला एक मराठी माणूस इथं बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून काढू शकला. त्याच लेण्यांशेजारच्या मुलानं फळ्यावरचंच का उतरवावं?

आपल्याच राज्यात सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत देवीप्रसाद कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात शिकून ते १९४४ मध्ये तिथं आले आणि पुढे बरीच वर्षं खेड्यातल्या मुलांबरोबर राहिले. मुलाच्या चित्रात मोठ्यांनी दुरुस्त्या करू नयेत, त्याला स्वतःच्या नजरेनं वाढू द्यावं, हे त्यांनी तिथं करून दाखवलं आणि पुस्तकात मांडून ठेवलं. आम्हाला अभ्यासाला हे असतं, सर. परीक्षेत आम्ही ते लिहितो, पूर्ण गुण मिळवतो, आणि वर्गात आलो की आमच्या हातात दुसऱ्याच्या चित्रावर फिरवायला ब्रश दिला जातो.

कागदावर तर सगळंच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमायला सांगितलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात कला आणि इतर विषय यांच्यात उच्च-नीच भेद ठेवू नका म्हटलं आहे. प्रत्यक्षात चित्रकलेची आठवण येते ती इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या वेळी, कारण ए श्रेणीला दहावीत ७ गुण वाढतात, बीला ५, सीला ३. मी ग्रेड परीक्षांच्या विरोधात नाही, त्या देऊनच मी इथवर आले. पण त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, म्हणजे मनात साठवलेलं काढायचं असतं. सहावीत मुलाच्या मनातलं पुसून टाकायचं आणि दहावीच्या तोंडावर शिकवणी लावून तयार स्मरणचित्र पाठ करून घ्यायचं, हा कुठला न्याय?

आता मागणं. माझ्या गुणांत बदल नको, दाखल्यात बदल नको.

कोपऱ्यातली चित्रं उतरवा आणि मुलांची मूळ चित्रं लावा. जी रंगवून टाकली त्यांना इलाज नाही, पण शेळ्यांचं चित्र मी त्या मुलाला परत दिलं आहे. ते त्याच्याकडून मागून घ्या, मागताना त्याच्याशी स्वतः बोला. मुख्याध्यापकांनी मुलाला 'आमचं चुकलं' म्हटलं तर मुख्याध्यापकांचा मान कमी होत नाही.

चित्रकलेचा तास चित्रकलेलाच ठेवा. आठवड्यातून एक पुरतो, पण तो खरा हवा.

वर्षातून एकदा तरी मुलांना वही-पेन्सिल घेऊन लेण्यांत बसवा. मंगळवारी बंद असतं, तेवढा दिवस सोडून. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. इतर शाळा लांबून सहलीच्या गाड्या करून इथं येतात, तुमच्या मुलांना पायीही जाता येईल. कैलासातल्या रावणाच्या शिल्पासमोर त्यांना बसवा. खाली रावण पर्वत हलवतो आहे, वर घाबरून पार्वतीनं शंकराचा हात धरला आहे, एक दासी पळत सुटली आहे. काय दिसतं ते ज्याचं त्याला काढू द्या. दोन मुलांची चित्रं सारखी निघणार नाहीत, आणि तीच तुमच्या भिंतीची खरी शोभा असेल. साहेबांनी विचारलं तर अभिमानानं सांगा, ही आमच्या मुलांनी काढली आहेत.

पुढच्या वर्षी तुमच्याकडे आणखी कुणी छात्राध्यापिका येईल. तिला फलक सांगा, रांगोळी सांगा, पडदा सांगा, ती करेल. मुलांच्या चित्रांवर हात फिरवायला मात्र सांगू नका. यासाठी निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही, वरची मंजुरीही लागत नाही. हे सर्वस्वी तुमच्या अधिकारातलं आहे, म्हणूनच ते मी तुमच्याकडे मागते आहे.

आपली,
तुमच्या शाळेत सरावाला आलेली एक छात्राध्यापिका